काचेची टाकी आणि आठ हातांचा कैदी



आपल्या या मालिकेत आपण लढाया, किल्ले आणि सीमा यांच्याबद्दल बोलतो. आजचा विषय वेगळा आहे, पण इतिहास सोडून नाही. व्हाइटफील्डमध्ये राहणाऱ्या एका मराठी प्रेक्षकांनी प्रश्न पाठवला होता. त्यांचा मुलगा बारा वर्षांचा. 'माय ऑक्टोपस टीचर' हा दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रातला माहितीपट त्याने पाहिला. त्या चित्रपटाला 2021 मध्ये ऑस्कर मिळाले होते, तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तेव्हापासून घरात ऑक्टोपस पाळायचा हट्ट चालू आहे. फ्लॅट मोठा आहे, खर्चाची तयारी आहे. पाळावा का, एवढाच त्यांचा प्रश्न.

मी पायदळातला माणूस, मासे-तज्ज्ञ नाही. पण समोरच्याला काचेत कोंडायचे असेल तर तो कोण आहे, आजवर कुणी कुणी त्याला कोंडून पाहिले आणि काय झाले, ही माहिती आधी काढावी लागते. ती काढताना इतका मोठा इतिहास हाती लागला की एका उत्तरात मावेना.

पहिली गोष्ट अशी की काचेची टाकी, म्हणजे आपण ज्याला अॅक्वेरियम म्हणतो ती वस्तू, जन्मालाच मुळी ऑक्टोपसच्या एका जातभाईसाठी आली. जान व्हिलप्रो-पॉवर नावाची एक फ्रेंच बाई. जन्म 1794, खेड्यातला. पॅरिसमध्ये ती कपडे शिवण्याचे आणि भरतकामाचे काम करत होती. 1816 मध्ये फ्रान्सच्या राजघराण्यातल्या एका लग्नात वधूचा पोशाख तिने केला आणि तिचे नाव झाले. पुढे जेम्स पॉवर नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याशी लग्न करून ती सिसिली बेटावर मेसिना या बंदरात राहायला गेली. शाळा-कॉलेजचे शिक्षण नाही, पण बाई जिज्ञासू. बेटावरचे प्राणी, वनस्पती, शिंपले सगळे गोळा करू लागली.

त्या काळी शास्त्रज्ञांमध्ये एक वाद होता. आर्गोनॉट नावाचा एक छोटा ऑक्टोपस असतो. त्याची मादी पातळ, पांढऱ्या, कागदासारख्या शिंपल्यात बसून समुद्रात तरंगते. हा शिंपला तिचा स्वतःचा, की साधू खेकड्यासारखा दुसऱ्याचा ढापलेला? बहुतेक विद्वानांचे मत ढापलेला असे होते. जानने ठरवले की मेलेला प्राणी बाटलीत पाहून हा वाद सुटणार नाही, तो जिवंत पाहिला पाहिजे. 1832 च्या सुमारास तिने काचेची टाकी बनवून घेतली. शिवाय समुद्रात बुडवून ठेवायचे पिंजरे केले, त्यातला मोठा पिंजरा नांगर टाकून उभा करता येत असे. या टाक्यांमध्ये तिने आर्गोनॉट अंड्यापासून वाढताना पाहिले. शिंपल्याला मुद्दाम भोके पाडली आणि प्राणी ती स्वतःच बुजवतो हे पाहिले. शिंपला स्वतःचाच, हे सिद्ध झाले. पुढे सिसिली सोडताना तिच्या संग्रहाचा आणि कागदांचा मोठा भाग जहाजाबरोबर बुडाला. त्यानंतर तिने संशोधन फारसे केले नाही. तिचे नाव लोक विसरले आणि टाकीचे श्रेय बरीच वर्षे इतरांच्या नावावर राहिले. 1997 मध्ये शुक्र ग्रहावरच्या एका विवराला तिचे नाव दिले गेले, तेव्हा कुठे थोडी परतफेड झाली.

यात एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. तिने प्राणी समुद्रापासून तोडला नव्हता. मेसिनाचा समुद्र तिच्या दारात होता, पाणी रोज ताजे मिळत होते. खरी अडचण सुरू झाली ती टाकी समुद्रापासून दूर नेल्यावर.

लंडनमध्ये ॲना थिन नावाच्या बाईंनी 1846 साली समुद्रातले प्रवाळ घरात जगवले. कसे, तर घरातली मोलकरीण उघड्या खिडकीजवळ उभी राहून खारे पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायची, म्हणजे पाण्यात हवा मिसळायची. आज आपण विजेचा पंप लावतो, त्या पंपाची आद्य जननी ही मोलकरीण. तिचे नाव कुणी लिहून ठेवले नाही. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले, 1854 मध्ये फिलिप गॉस याने क्षार मिसळून कृत्रिम समुद्राचे पाणी बनवण्याची रीत सांगितली, आणि इंग्लंडमध्ये घरोघरी समुद्री टाक्यांचे वेड पसरले. किनाऱ्यावरच्या खडकांमधले प्राणी लोकांनी इतके ओरबाडले की पुढे गॉसलाच त्याचे वाईट वाटले, असे त्याच्या मुलाने लिहून ठेवले आहे.

मग आला ऑक्टोपस. 1866 मध्ये व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीने त्याला राक्षस करून टाकले होते. 1872 मध्ये इंग्लंडच्या ब्रायटन शहरात मोठे मत्स्यालय उघडले, तिथे हा राक्षस पाहायला झुंबड उडाली. हेन्री ली नावाचे तिथले प्रकृतिशास्त्रज्ञ होते. त्यांनी एक प्रकरण लिहून ठेवले आहे. एका टाकीत लंपफिश नावाचे छोटे मासे होते आणि ते एक-एक करून नाहीसे होऊ लागले. चोर सापडेना. एके दिवशी सकाळी माशांच्या टाकीत शेजारच्या टाकीतला ऑक्टोपस बसलेला सापडला. तो रात्री भिंत ओलांडून यायचा, जेवायचा आणि उजाडण्यापूर्वी आपल्या टाकीत परत जायचा. त्या दिवशी बहुधा जेवण जड झाले आणि परतीची वेळ चुकली! सैन्यात आम्ही रात्रीच्या गस्तीला नेमके हेच शिकवतो: जायचा मार्ग, काम, परतीचा मार्ग, आणि पहाट होण्यापूर्वी आपल्या हद्दीत.

ही कथा नवी नाही. रोमन लेखक प्लिनी याने दोन हजार वर्षांपूर्वी लिहिले आहे की स्पेनच्या किनाऱ्यावर कार्टेया इथे खारवलेल्या माशांच्या हौदांवर एक प्रचंड ऑक्टोपस समुद्रातून येऊन डल्ला मारायचा. कुंपण घातले तर झाडावरून यायचा. शेवटी कुत्र्यांनी पकडला. त्याने दिलेले वजन अतिशयोक्तीचे आहे, पण चोरीची पद्धत ओळखीची वाटते. ॲरिस्टॉटलने मात्र याच प्राण्याला मूर्ख म्हटले होते, कारण पाण्यात हात घातला की तो जवळ येतो. कुतूहल आणि मूर्खपणा यात त्या थोर माणसाने फरक केला नाही.

आता एक आडवळण घेतो, कारण विषय आमच्या खात्याचा आहे. ब्रायटनच्या मत्स्यालयानंतर पाचच वर्षांनी, 1877 मध्ये, रशिया-तुर्कस्तान युद्ध पेटले असताना, फ्रेडरिक रोझ या इंग्रजाने युरोपचा एक व्यंगनकाशा काढला. त्यात रशिया हा एक भलामोठा ऑक्टोपस आहे आणि त्याचे हात तुर्कस्तान, इराण, पोलंडपर्यंत पसरले आहेत. हा नकाशा तुफान गाजला आणि तेव्हापासून प्रत्येक युद्धात कुणी ना कुणी शत्रूला ऑक्टोपस करून दाखवले आहे. रशियाचा हात उद्या हिंदुस्थानपर्यंत पोहोचेल या भीतीतूनच पुढच्या वर्षी दुसरे अफगाण युद्ध झाले. त्या युद्धात 1880 च्या जुलैमध्ये मैवंद इथे मुंबई इलाख्याच्या पलटणींची जी कत्तल झाली, ती आपण वेगळ्या भागात पाहणार आहोत. आपल्या मराठी वर्तमानपत्रांत आजही भ्रष्टाचाराचा ऑक्टोपस असतो, दहशतवादाचा ऑक्टोपस असतो. वास्तविक हा प्राणी एकटा राहतो, टोळी करत नाही, साम्राज्य वाढवत नाही. बदनामी फुकटची आहे.

त्याची खरी ओळख झाली ती इटलीतल्या नेपल्स शहरात. ॲन्टन डोर्न या जर्मन शास्त्रज्ञाने तिथे समुद्रकाठी संशोधन केंद्र उभारले आणि 1874 मध्ये त्याचे मत्स्यालय लोकांना खुले केले. योजना चांगली होती. खाली तिकिटे विकायची, वर संशोधन चालवायचे. याच केंद्रात पुढे जे. झेड. यंग नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ ऑक्टोपसच्या मेंदूवर काम करू लागला. हा माणूस आपल्याला माहीत असायला हवा. स्क्विड, म्हणजे आपल्या कोळ्यांच्या ओळखीच्या माकुळाच्या कुळातला प्राणी, त्याच्या अंगात एक अतिशय जाड मज्जातंतू असतो हे 1936 च्या सुमारास त्याने दाखवले. त्या जाड तंतूवरच हॉजकिन आणि हक्सली यांनी मज्जातंतूतून संदेश कसा जातो हे शोधले आणि 1963 चे नोबेल मिळवले. दुसऱ्या महायुद्धात यंग ऑक्सफर्डला होता आणि जखमी सैनिकांच्या तुटलेल्या नसा परत कशा जुळतील यावर काम करत होता. गोळी लागून हात लुळा पडलेला जवान ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे काम किती मोलाचे ते सांगायला नको.

युद्ध संपल्यावर यंग आणि त्याचे सहकारी नेपल्सला गेले आणि ऑक्टोपसला शिकवू लागले. ही आकृती दिसली तर पुढे ये, खेकडा मिळेल. ती आकृती दिसली तर येऊ नको, विजेचा हलका झटका बसेल. ऑक्टोपस हे शिकला आणि लक्षातही ठेवू लागला. या कामाला अमेरिकन हवाई दलाकडून काही पैसा मिळत होता. स्मरणशक्ती कशी चालते हे कळले तर यंत्राला शिकवता येईल, असा विचार त्या काळात होता. आज कृत्रिम बुद्धिमत्तेचा एवढा गाजावाजा आहे, त्याच्या वंशावळीत कुठेतरी नेपल्सचे हे आठ हात आहेत.

या प्राण्याचे शरीर थोडक्यात सांगतो. तीन हृदये. रक्त निळसर, कारण त्यात लोहाऐवजी तांबे असते. सुमारे 50 कोटी चेतापेशी, आणि त्यातल्या दोनतृतीयांशाच्या आसपास मेंदूत नाहीत, हातांमध्ये आहेत. म्हणजे मुख्यालयाने हेतू सांगायचा आणि तुकडीने जागेवर निर्णय घ्यायचा, अशी रचना. अंगात हाड एकही नाही. कठीण भाग म्हणजे पोपटासारखी चोच. जिथून चोच जाते तिथून सगळा ऑक्टोपस जातो. 2016 मध्ये न्यूझीलंडच्या नेपियर शहरातल्या मत्स्यालयातून इंकी नावाचा ऑक्टोपस झाकणाच्या फटीतून बाहेर पडला, रात्री जमीन ओलांडून गटाराच्या तोंडाशी गेला आणि सुमारे 50 मीटर लांबीच्या नळातून थेट समुद्रात निघून गेला. युद्धकैद्याने सुटकेचा प्रयत्न करणे हे त्याचे कर्तव्य असते, असे आम्हाला शिकवले जाते. 2008 मध्ये जर्मनीच्या कोबुर्ग गावात ऑटो नावाच्या ऑक्टोपसला टाकीवरच्या प्रखर दिव्याचा त्रास होत होता. तो पाण्याची चूळ मारून दिवा विझवायचा, सगळ्या मत्स्यालयाची वीज जायची आणि कर्मचारी रात्री जमिनीवर झोपून पहारा देत बसायचे.

घरात ऑक्टोपस ठेवण्याचे मला माहीत असलेले सर्वांत जबाबदार उदाहरण अलास्कातले. डेव्हिड शील हे तिथले प्राध्यापक, आयुष्यभर ऑक्टोपसचा अभ्यास केलेले. त्यांनी आपल्या घराच्या दिवाणखान्यात मोठी टाकी बसवून हायडी नावाचा ऑक्टोपस ठेवला आणि त्यांची मुलगी त्याच्याशी खेळायची. 2019 मध्ये यावर माहितीपट आला. झोपेत हायडीचे रंग झरझर बदलतात, ती जणू स्वप्नात खेकडा पकडते आहे, हे दृश्य जगभर गाजले. दुसरे उदाहरण 2024 चे, अमेरिकेतल्या ओक्लाहोमाचे. एका दंतवैद्याने मुलाच्या हट्टापायी एक ऑक्टोपस आणला, नाव ठेवले टेरेन्स. पुढे कळले की टेरेन्स ही मादी आहे, आणि तिला पन्नास पिल्ले झाली. बातमी वाचून जग हसले. त्या माणसाची मात्र पन्नास पिल्लांना वेगवेगळे ठेवताना झोप उडाली, कारण ती एकत्र ठेवली तर एकमेकांना खातात.

आता बेंगळुरूकडे येऊ या. हे शहर तलावांचे. केंपेगौडांनी तलाव बांधले, 1638 नंतर शहाजीराजांची जहागीर झाली तेव्हाही पाणी तलावांचेच होते. मोठी नदी नाही, समुद्र साडेतीनशे किलोमीटरवर, आणि शहर 900 मीटर उंचीवर. आज आपण जे पाणी पितो ते सुमारे 100 किलोमीटरवरून कावेरीतून पंपाने वर चढवून आणलेले आहे. वीज 1905 मध्ये आली, तीही कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून. या शहरात समुद्राचा एक तुकडा उभा करायचा तर काय लागेल याचा हिशेब मांडू.

एका लहान जातीच्या ऑक्टोपसलासुद्धा 300 लिटरची टाकी धरू. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणजे साडेदहा किलो समुद्री मीठ. हे घरातले मीठ नव्हे, मत्स्यालयाचे खास मिश्रण. पाणी आरओचेच हवे, कारण बोअरवेलच्या जड पाण्याचा भरवसा नाही. शिवाय पाण्यात तांब्याचा अंश चालत नाही. ज्याच्या रक्तातच तांबे आहे त्याला पाण्यातले तांबे विष ठरते, हा निसर्गाचा विनोद. ऑक्टोपस मांसाहारी आणि घाण पुष्कळ करणारा, म्हणून दर पंधरा दिवसांनी पाचवा हिस्सा पाणी बदलले तर 60 लिटर. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया घालवतो. 2024 च्या मार्चमध्ये याच शहरात पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर 5000 रुपये दंड लावावा लागला होता, हे विसरू नका. पंप चोवीस तास चालला पाहिजे, वीज गेली तर इन्व्हर्टर हवा. टाकी आधी कित्येक आठवडे रिकामी चालवून त्यात उपयुक्त जिवाणू वाढू द्यावे लागतात, नाहीतर अमोनिया साठून प्राणी मरतो. झाकण कुलपासारखे घट्ट. खायला जिवंत खेकडे, तेही शाकाहारी सोसायटीत कसे आणायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. बेंगळुरूची हवा थंड, एवढीच एक गोष्ट आपल्या बाजूची.

एवढे सगळे पैशाने होईल. पैशाने न होणाऱ्या गोष्टी पुढे आहेत.

हा प्राणी साधारण वर्ष-दोन वर्षे जगतो. 2010 च्या फुटबॉल विश्वचषकात आठही निकाल बरोबर सांगणारा जर्मनीचा पॉल आठवतो ना? तो त्याच ऑक्टोबरमध्ये वारला, वय अवघे अडीच वर्षे. मादी अंडी घातली की खाणे सोडते, अंड्यांवरून हात फिरवत, पाणी मारत बसते आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत खंगून मरते. हे तिच्या शरीरातच लिहिलेले आहे. 1977 मध्ये वोडिन्स्की या शास्त्रज्ञाने मादीच्या डोळ्यांजवळच्या ग्रंथी काढून टाकल्या, तर तिने अंडी सोडून दिली, पुन्हा खायला लागली आणि जास्त जगली. बारा वर्षांच्या मुलाला हे मरण रोज काचेतून पाहावे लागेल, उपाय काही नसताना. मरण मुलांपासून लपवावे असे मी म्हणत नाही. पण ते विकत आणताना बापाला ठाऊक असावे.

दुसरी गोष्ट, प्राणी येणार कुठून? अमेरिकेत काही जाती टाकीत वाढवलेल्या मिळू शकतात. आपल्याकडे तो समुद्रातूनच धरून आणलेला असणार. पिशवीत, थर्माकोलच्या खोक्यात, किनाऱ्यापासून बेंगळुरूपर्यंत. त्याचे वय किती, जात कोणती, विकणाऱ्यालाही बहुधा सांगता येणार नाही. निळ्या कड्यांचा एक छोटा, सुंदर ऑक्टोपस असतो. त्याच्या चाव्यातले विष माणसाचा श्वास थांबवते आणि त्यावर उतारा नाही. भारतीय समुद्रातही त्याची नोंद झालेली आहे. 'बारीकसा ऑक्टोपस, एकदम रंगीत' असे कुणी म्हणाले तर दोन पावले मागे या.

तिसरी गोष्ट सिएटलची. तिथल्या मत्स्यालयात रोलंड अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा प्रयोग केला की एकाच गणवेशातली दोन माणसे रोज टाकीशी जायची. एक खाऊ द्यायचा, दुसरा काठीने टोचायचा. थोड्याच दिवसांत ऑक्टोपस दोघांना वेगवेगळे ओळखू लागले. त्याच संशोधकांना काही ऑक्टोपस औषधाची रिकामी बाटली पाण्याच्या झोताने पुन्हा पुन्हा ढकलून खेळताना दिसले. जो कंटाळतो आणि माणूस ओळखतो, त्याला दिवसभर ऑफिस आणि शाळेत असलेल्या घरात एकटे ठेवणे म्हणजे आमच्या भाषेत एकांत कोठडी. सैन्यात ती शिक्षा दिवस मोजून देतात. ब्रिटनने 1993 मध्ये प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या कायद्यात ऑक्टोपसचा समावेश केला. पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांत हा मान मिळालेला तो पहिला. 2024 मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया राज्यांनी ऑक्टोपसची शेती करण्यावर बंदी घातली. आपल्या वन्यजीव कायद्यात 2001 मध्ये प्रवाळ, समुद्री घोडे, काही शंख-शिंपले आणि ऑक्टोपसचा दूरचा नातेवाईक नॉटिलस यांना संरक्षण मिळाले. ऑक्टोपसला नाही. त्यामुळे तुम्हाला कुणी अडवणार नाही. निर्णय तुमचा आहे, आणि माझे मत 'पाळू नका' असे स्वच्छ आहे.

मग मुलाला काय द्यायचे? देशातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय 1909 मध्ये मद्रासच्या मरीनावर झाले, ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंद पडले. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडले. त्यासाठी 8 लाख रुपये खर्च आला, त्यातले 2 लाख तारापोरवाला या पारशी दात्याने दिले होते. आपल्या कब्बन पार्कचे मत्स्यालय 1983 चे. त्यात समुद्राचा अनुभव शोधू नका.

त्यापेक्षा सुट्टीत मुंबईला आजी-आजोबांकडे जाताना पंचांग पाहून जा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते आणि तितकीच मोठी ओहोटी. तेव्हा हाजीअली, गिरगाव, जुहूकडचे खडक उघडे पडतात. 2017 पासून प्रदीप पाताडे आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या नावाने तिथे लोकांना घेऊन चालायला सुरुवात केली. दोन कोटी माणसांच्या शहराच्या उंबरठ्यावर प्रवाळ, समुद्री फुले, समुद्री गोगलगाई आणि हो, ऑक्टोपससुद्धा आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. पायात पकड असलेले बूट घाला. दगड उलटला तर जसा होता तसा परत ठेवा. हात पाण्यात घालू नका. खडकाच्या बिळासमोर खेकड्यांची रिकामी कवचे पडलेली दिसली तर तिथे गुपचूप बसा. घरमालक आत असतो. अंधारातून एक डोळा तुमच्याकडे बघत असतो आणि तुम्ही किती वेळ थांबता याचा अंदाज घेत असतो. पाणी परत चढायला लागले की निघा, कारण उधाणाचे पाणी फार वेगाने येते.

पुढच्या भागात मैवंद. जय हिंद.